खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर टाइम हवाय? निघायच्या आधी एवढं बघा

साताऱ्यातनं खोडद, म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जिथं आहे ते गाव, तसं लांब नाही, पहाटेची एसटी, खंबाटकी, स्वारगेट, मग पुण्यातनं नाशिकची गाडी आणि नारायणगावला उतरायचं. पण बॅग भरायच्या आधीचं काम मोठं असतं आणि ते घरीच, प्रपोजल (दुर्बिणीवर वेळ मागायचा अर्ज) लिहितानाच उरकावं लागतं.

पहिलं म्हणजे फ्रिक्वेन्सी काढा. हायड्रोजनची रेषा, म्हणजे त्या वायूतनं येणारी रेडिओ लहर, १४२० मेगाहर्ट्झला, गॅलेक्सी जेवढी लांब तेवढी ती खाली सरकते, म्हणून १४२० ला एक अधिक रेडशिफ्टनं (रेषा किती सरकली त्याचं माप) भागायचं. ०.१ असेल तर १२९१ येतं, जीएमआरटीच्या बँड ५ मध्ये (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मस्त बसतं. मी पहिल्यांदा हौसेनं ०.५ वाली निवडली, प्रपोजल निम्मं लिहून झालं आणि मग भागाकार केला तर ९४७, आता बँड ४ संपतो ८५० ला आणि बँड ५ चालू होतो हजाराच्या पुढं, म्हणजे बरोब्बर मधल्या खड्ड्यात. दोन आठवडे पाण्यात गेले ना राव.

मग सोर्स, म्हणजे जे बघायचंय ते, आकाशात वर कधी असतो ते बघा. डिश १७ अंशाच्या खाली झुकत नाही, आणि तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, त्यामुळं मार्चमध्ये मध्यरात्री डोक्यावर असणारं सप्टेंबरात भरदुपारी येतं. दुपारचं काही अडत नाही, ढगांनीही नाही (आई दरवेळी विचारते), फक्त खालच्या बँडला सूर्य आणि आयनोस्फिअर (हवेचा वरचा, विद्युतभारित थर) दोघंही छळतात, तिथं रात्रच मागा.

कॅलिब्रेटरमध्ये (ब्राइटनेस आधीच ठाऊक असलेला सोर्स, त्याच्याशी आपलं माप जुळवायचं) कंजुषी करू नका, नवी पोरं हमखास करतात. थ्रीसी यादीतले ४८, १४७, २८६ यातला एक तरी तुमच्या वेळेत वर हवा, सुरुवातीला आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटं. शिवाय सोर्सच्या जवळचा फेज कॅलिब्रेटर (लहरींची जुळणी तपासायला), दर अर्ध्या तासानं. नाहीतर इमेज निघेल पण ती धड जुळलेली नसेल, आणि ब्राइटनेस किती हे कुणी विचारलं की गप्प बसायचं.

सोर्स लिस्ट दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, आकाशातली जागा तासात लिहिली की अंशात, हा घोळ स्वतःला दिसत नाही. दोन टीबीची डिस्क, स्वेटर, कंट्रोल रूमच्या लोकांना कंदी पेढे. आवारात मोबाइल बंद, फ्लाइट मोडवरही विसंबू नका. आणि एक साधी वही घ्या, ३० पैकी कुठली डिश किती वाजता बंद पडली ते त्याच वेळी लिहा, सकाळी आठवत नाही.