पाण्यातील जड धातू : कार्बन बिंदूंच्या चाचणीवर किती विसंबावे?

फेब्रुवारीनंतर पंचगंगेची धार मंदावते. कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असल्याने पाणी बराच काळ एकाच जागी तुंबून राहते आणि त्यात नाल्याचे किंवा कारखान्याचे सांडपाणी मिसळले, तर ते विरळ होण्यास फारसा वाव उरत नाही. सुरू ऊस आणि उन्हाळी भाजीपाला याच पाण्यावर वाढत असल्याने शिसे व कॅडमियम या जड धातूंची तपासणी करून घेण्याचा काळ हाच आहे.

बांधावर करता येईल अशी चाचणी म्हणून कार्बन बिंदूंचे नाव घेतले जाते. हे सुमारे १० नॅनोमीटरपेक्षा लहान असे कार्बनचे कण असून, त्यांच्या द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला की ते बहुधा निळसर चमकतात आणि काही धातूंचे आयन (विद्युतभारित कण) त्यांना चिकटले की ही चमक मंदावते. २००४ मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करताना ते प्रथम आढळले. पुढे उसाच्या रसापासूनही ते तयार करण्यात आले, त्यामुळे आपल्याकडे त्यांचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र चमक मंदावली म्हणजे शिसेच आहे, असे मानू नये. कूपनलिकेच्या पाण्यातील लोहही चमक घटवते आणि गढूळपणानेही फसगत होते. म्हणून पाणी गाळून घ्यावे आणि शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची नळी ठेवून दोन्हींची तुलना करावी. याहून महत्त्वाची बाब म्हणजे चमक न मंदावणे हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. साहित्यावर ‘१ मायक्रोमोलपर्यंत ओळख’ (मायक्रोमोल हे लिटरमागे कणांची संख्या सांगणारे एकक) असे लिहिलेले असेल, तर शिशाच्या बाबतीत त्याचा अर्थ लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम असा होतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट कमी आहे. कॅडमियमचे १ मायक्रोमोल म्हणजे सुमारे ०.११ मिलिग्रॅम, तर सिंचनासाठी शिफारस केलेली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. ग्राफीनचा (कार्बनच्या अतिपातळ थराचा) लेप दिलेले इलेक्ट्रोड (विद्युत अग्रे) अधिक सूक्ष्म मोजतात आणि शिसे व कॅडमियम वेगवेगळे दाखवतात. परंतु त्यांना मोजणी यंत्र आणि सरावाचा हात लागतो.

त्यामुळे या चाचणीचा उपयोग कोणता नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवावा हे ठरवण्यापुरताच करावा. पंप दहा मिनिटे चालू ठेवून, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना भरावा. धातूचे भांडे वापरू नये. नमुना टिकवण्यासाठी लागणारे नायट्रिक आम्ल प्रयोगशाळेनेच घालून दिलेल्या बाटलीत मात्र विसळणे टाळावे. बाटलीवर ठिकाण व तारीख लिहावी.

अहवालात कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त आल्यास त्या पाण्यावर पालक, मेथी घेऊ नये, कारण पालेभाज्यांच्या पानांत ते सहज चढते. पन्हाळा, शाहूवाडीकडील आम्लधर्मी तांबड्या जमिनीत हा धोका शिरोळच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीपेक्षा अधिक असतो, म्हणून तेथे मातीचा सामूही तपासून घ्यावा. चाचणीचे उरलेले द्रावण पाटात ओतू नये, आणि जूनमध्ये नाल्यांचा पहिला लोंढा नदीत उतरल्यावर त्याच जागेचा नमुना पुन्हा घ्यावा.