दर शेवटी पाहा: थंड प्रदेशातील क्रूझ निवडताना

थंड प्रदेशातील क्रूझची चौकशी करायला सोलापूरकर एजंटसमोर बसला की पहिला प्रश्न दराचा निघतो, दुसरा शाकाहारी जेवणाचा आणि तिसरा व्हिसाचा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु सुरुवातच त्यांनी केली तर लाखो रुपये खर्चून जे पाहायला आपण निघालो, तेच नेमके निसटण्याचा धोका असतो. निसर्ग आणि वन्यजीव हा हेतू असेल तर आधी काय पाहायचे ते ठरवावे, त्यावरून महिना, महिन्यावरून मार्ग आणि मार्गावरून जहाजाचा आकार ठरवावा. दर सर्वांत शेवटी पाहावा. जहाजावर तरणतलाव किती आणि रात्री करमणुकीचे कार्यक्रम कोणते, याला या प्रवासात फारसे महत्त्व नाही. बर्फाच्या, किनाऱ्याच्या आणि प्राण्यांचा वावर असलेल्या पाण्याच्या जवळ जहाज दिवसाउजेडी किती तास राहते, हे मोजावे.

पेंग्विन पाहायचे असतील तर दक्षिणेकडे अंटार्क्टिकाला जावे लागते आणि पांढरे अस्वल पाहायचे असेल तर उत्तरेकडे, नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांकडे. एकाच सफरीत दोन्ही दिसणे शक्य नाही. हंपबॅक व्हेल, समुद्री ऑटर, टकल्या गरुड आणि समुद्राला येऊन भिडणाऱ्या हिमनद्या हे सगळे एकत्र आणि तुलनेने सुखाने पाहायचे असेल तर अलास्कासारखा प्रदेश नाही. उंच कड्यांमधून आत शिरलेले फ्योर्ड, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, आणि आकाशातील नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीचा ध्रुवीय प्रकाश, यांची ओढ असेल तर नॉर्वेचा किनारा घ्यावा. प्रचंड हिमनग हेच आकर्षण असेल तर ग्रीनलंडकडे पाहावे. तेथील इलुलिसाटचा हिमफ्योर्ड २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

महिन्याचा विचार आपल्या घरच्या दिनदर्शिकेशी ताडून करावा लागतो. मुलांच्या शाळा असलेल्या घरांना एप्रिल-मेची सुट्टीच सोयीची, आणि सोलापुरात पारा चाळिशीपार गेलेला असताना अलास्काचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. मे महिन्यात तेथे पाऊस तुलनेने कमी असतो, डोंगरांवर बर्फ टिकून असते, दरही जुलैपेक्षा बहुधा उतरलेले असतात, आणि व्हेल आलेले असतात. मात्र ओढ्यांत उभे राहून सॅमन मासे पकडणारी अस्वले पाहण्याची इच्छा असेल तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ धरावा, कारण मासे नद्यांतून वर चढू लागतात तेव्हाच अस्वले त्यांच्यामागे काठावर येतात. दिवाळीच्या सुट्टीत अलास्काचा हंगाम संपलेला असतो आणि अंटार्क्टिकाचा सुरू होत असतो. नोव्हेंबरात तेथील बर्फ स्वच्छ, अस्पर्श असते आणि पेंग्विनांच्या जोड्या जमत असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत पिल्ले बाहेर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल सर्वाधिक दिसतात, पण किनाऱ्यावरचे बर्फ मळलेले असते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चुकवणे ज्यांना जमत नाही, त्यांनी जानेवारीचा मोह सोडून फेब्रुवारीच्या तारखा पाहाव्यात.

नॉर्वेच्या बाबतीत एक अडचण आधीच समजून घ्यावी. नॉर्दर्न लाइट्ससाठी काळोख लागतो आणि फ्योर्ड पाहण्यासाठी उजेड. डिसेंबरात ट्रोम्सोसारख्या गावात सूर्य उगवतच नाही, त्यामुळे आकाशातील प्रकाश दिसला तरी डोंगर जेमतेम दिसतात. जूनमध्ये नेमके उलट होते, मध्यरात्रीही सूर्य असतो आणि नॉर्दर्न लाइट्स दिसण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्हींची इच्छा असणाऱ्यांनी सप्टेंबरची अखेर, ऑक्टोबर किंवा मार्च महिना निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या किनाऱ्यावर १८९३ पासून माल आणि माणसे नेणारी जहाजे चालतात. आता ती बर्गनपासून किर्कनेसपर्यंत जातात आणि वाटेत ३४ बंदरे घेतात. काही बंदरांत थांबा जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि काही बंदरे मध्यरात्री येतात. परंतु उत्तरेकडे जाताना जी ठिकाणे रात्री लागतात त्यांतील बरीचशी परतीच्या वाटेवर दिवसा लागतात. म्हणून परवडत असेल तर एकेरी प्रवासापेक्षा जाऊन-येऊन पूर्ण फेरी घ्यावी. या जहाजांवर भव्य मनोरंजनगृहे नसतात. खिडकीजवळची खुर्ची आणि बाहेरचा किनारा यांवर ज्याचे समाधान होते, त्यानेच ती घ्यावीत.

आता कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी ते पाहू, कारण निवड खरी येथेच होते. अलास्काच्या दोन सफरी वरवर सारख्या दिसतात, दोन्ही सात रात्रींच्या, दोन्हींत जूनो आणि केचिकन ही बंदरे, दरात थोडाच फरक. तरीही एक ग्लेशिअर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसभर असते आणि दुसरी तेथे जातच नाही. या उद्यानात मोठ्या क्रूझ जहाजांपैकी दिवसाला जास्तीत जास्त दोनच सोडली जातात आणि परवाना मोजक्याच कंपन्यांकडे आहे, म्हणून 'ग्लेशिअर पाहता येतील' एवढ्या मोघम वाक्यावर विसंबू नये. कोणता ग्लेशिअर, कोणत्या दिवशी आणि किती तास, हे लेखी घ्यावे. ग्लेशिअर बेमध्ये बंदर नाही, कोणी खाली उतरत नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून जहाजावर येतात, दिवसभर माहिती देतात आणि जहाज हळूहळू उपसागराच्या टोकापर्यंत जाते. साधारण १७५० च्या सुमारास हा सगळा उपसागर बर्फाने भरलेला होता. तेव्हापासून ते बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटले आहे, म्हणजे आपले जहाज ज्या पाण्यातून जाते ते पाणीच मुळी नवे आहे. टोकाशी पोचल्यावर जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते. पाणी दगडाच्या बारीक भुकटीमुळे दुधट हिरवे झालेले असते, समोरच्या भिंतीच्या भेगांत निळा रंग असतो, कारण दाट बर्फ लाल प्रकाश शोषून घेते. भिंतीचा एखादा तुकडा सुटून पाण्यात पडताना आधी दिसतो आणि त्याचा गडगडाट क्षणभराने ऐकू येतो. हे पाहायला एक तास पुरत नाही. म्हणून ज्या दिवसापुढे 'सीनिक क्रूझिंग' (न उतरता जहाजावरूनच देखावा पाहणे) असे लिहिलेले असते, त्या दिवसाचे तास विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

निघण्याचे बंदरही महत्त्वाचे आहे. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे बहुधा बेटे आणि मुख्य भूमी यांमधल्या शांत, अरुंद पाण्यातून उत्तरेकडे जातात, तर सिॲटलहून निघणारी पुष्कळशी जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. त्यामुळे सुरुवातीचा दिवस किनाऱ्याविना जातो आणि ज्यांना बोट लागते त्यांना त्रासही अधिक होतो. शिवाय अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्याच बंदरातून निघून तेथेच परतायचे असेल तर वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. सिॲटलच्या सफरींत संध्याकाळी काही तासांपुरते कॅनडातील व्हिक्टोरिया बंदर येते ते यामुळे. म्हणजे भारतीय पासपोर्टधारकाने अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही व्हिसा धरूनच हिशेब मांडावा.

जहाजाच्या आकाराबाबत घरातील ज्येष्ठांचा विचार आधी करावा. दोन-तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर लिफ्ट, डॉक्टर, चाकाची खुर्ची, अनेक प्रकारचे जेवण असे सर्व असते आणि ते हलतेही कमी. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांसाठी अलास्काचे मोठे जहाज हीच उत्तम निवड. पण असे जहाज अरुंद खाडीत शिरू शकत नाही आणि पाण्यापासून आपण आठ-दहा मजले उंचावर असतो. शंभर-दोनशे प्रवाशांच्या जहाजावरून मात्र रबरी झोडिॲक बोटीत उतरून हिमनगांमधून फिरता येते. त्या बोटीत चढण्या-उतरण्यासाठी तोल सांभाळता येणे आणि ओल्या दगडांवर पाय टाकता येणे आवश्यक असते. ही अट लपवून कोणी बुकिंग घेत असेल तर तेथून उठून यावे.

अंटार्क्टिकाला तर आकारावरच सर्व अवलंबून आहे. तेथील पर्यटन कंपन्यांची आएटो ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार ५०० हून अधिक प्रवासी असलेले जहाज कोणालाही किनाऱ्यावर उतरवू शकत नाही आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरू शकत नाहीत. म्हणून स्वस्त वाटणाऱ्या मोठ्या जहाजाच्या जाहिरातीत पेंग्विनचे छायाचित्र असले तरी ते पेंग्विन लांबूनच दिसतील. दोनशे प्रवाशांच्या जहाजावर गट पाडून आळीपाळीने उतरवतात. शंभरच्या आतील जहाजावर सगळे एकदम उतरतात आणि किनाऱ्यावर अधिक वेळ मिळतो, परंतु दर चढतो. उतरण्यापूर्वी बूट धुतले जातात, कपड्यांच्या शिवणींत अडकलेले बी-कुसळ काढले जाते, खाण्याचा कोणताही पदार्थ किनाऱ्यावर नेता येत नाही आणि पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवावे लागते. हे नियम जाच वाटू नयेत, इतकी ती भूमी नाजूक आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून तेथे पोचायला ड्रेक सामुद्रधुनी ओलांडावी लागते आणि त्यात जाताना व येताना सुमारे दोन-दोन दिवस जातात. दहा दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष अंटार्क्टिकात पाच-सहा दिवसच मिळतात, हे दर भागताना लक्षात ठेवावे.

स्वालबार्डमध्येही १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झाले आहेत: संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना प्रवेश नाही, आणि पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावे लागते. एवढ्या अंतरावरून मोबाईलच्या कॅमेऱ्यात अस्वल म्हणजे एक पिवळसर ठिपका दिसतो, म्हणून चांगली दुर्बीण येथे केबिनच्या बाल्कनीपेक्षा अधिक उपयोगाची आहे. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्यावी. दहापट किंवा त्याहून मोठे दाखवणारी दुर्बीण हलत्या डेकवर हातात स्थिर राहत नाही. खरेदीआधी ती हिप्परगा तलावावर सकाळच्या वेळी वापरून पाहावी. पाणकावळा बुडी मारून पुन्हा कोठे वर येतो ते दुर्बिणीतून शोधता आले, तर व्हेलचा फवारा शोधणे जमेल. त्याचबरोबर नान्नजच्या माळरानावर दोन-तीन तास एका जागी थांबून काळविटांचा कळप पाहण्यात आपले मन रमते का, हेही आजमावून घ्यावे. ज्याला तेथे कंटाळा येतो, त्याने छोट्या जहाजाची महागडी मोहीम-सफर घेऊ नये. अलास्काचे मोठे जहाज त्याला अधिक आनंद देईल.

केबिनवर जास्त पैसे घालण्याची गरज बहुतेकांना नसते. हिमनदीसमोर जहाज हळूहळू वळवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दृश्य मिळते, आणि व्हेल दिसल्याची हाक आली की सगळे उघड्या डेकवरच धावतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. औषध कोणते व केव्हा घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. वाचलेले पैसे व्हेल पाहण्याच्या छोट्या बोटीवर खर्च करावेत.

दर पाहताना तो एका व्यक्तीचा, दोघांच्या केबिनमधील आहे हे ध्यानात घ्यावे. एकट्या प्रवाशाला बराच अधिक आकार पडतो. किनाऱ्यावरच्या सफरी, कर्मचाऱ्यांची टिप, इंटरनेट, विमानभाडे आणि व्हिसा शुल्क त्यात आहे का ते विचारावे. टूरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो आणि तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपावी. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी नेण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण घरी केलेले अन्न जहाजावर आणू न देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. बंद पाकिटातील पदार्थ चालतात का ते आधी विचारावे आणि शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद बुकिंगच्या वेळीच करावी. कपड्यांत सुती काहीही अंगालगत नको. सोलापुरी चादरीचा अभिमान आपल्या सर्वांना आहे, तथापि सूत ओलावा धरून ठेवते आणि गार पडते. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे, मध्ये फ्लीस आणि बाहेर पाणी व वारा अडवणारे जाकीट असे तीन थर करावेत. केचिकनला वर्षाला ३,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा छत्रीपेक्षा जाकिटावर भर द्यावा.

व्हिसासाठी किमान सहा-आठ महिने हातात ठेवावेत. अमेरिकेच्या मुलाखतीला बहुधा मुंबई गाठावी लागते, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी पोचून त्याच रात्री परतता येते. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) असल्याने तेथे जाऊन नॉर्वेत परतण्यासाठी दुहेरी प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो. ग्रीनलंडसाठी साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, व्हिसावर ग्रीनलंडचा स्वतंत्र उल्लेख असावा लागतो. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, परंतु ध्रुवीय सफरीसाठी दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च पुरेशा रकमेने धरणारी पॉलिसी वेगळी पाहावी. विमाने अशी घ्यावीत की जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी आपण त्या गावात मुक्कामाला असू. उशुआयासाठी दोन दिवस आधी पोचणे अधिक बरे. उशिरा आलेल्या सामानासाठी जहाज थांबत नाही, म्हणून औषधे, दुर्बीण, कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि जाकीट हे विमानात आपल्या हातातल्या बॅगेतच ठेवावे.