नळ बंद, तरी पंप चालू

टेम्पोवर बांधलेल्या आमच्या कॅरव्हॅनमध्ये सगळे नळ बंद असले तरी पंप मधूनच घर्र करायचा. हा 12 व्होल्टचा पंप प्रेशर स्विचवर चालतो. लाइनमधला दाब उतरला की आपोआप सुरू. सांधे मात्र सगळे कोरडे.

पंपापुढचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला, तरी घर्र चालूच. गळती पुढच्या लाइनीत असती तर आता पंप गप्प बसला असता. म्हणजे पाणी उलटं टाकीत उतरत होतं. बटण बंद केलं, नळ सोडून दाब काढला आणि पंपाचं डोकं खोललं. पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, तिच्या रबरावर पांढरा क्षार! लातूरकडचं बोअरचं पाणी जड. पण 2016 साली जिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथं पाण्याला नावं कोण ठेवणार?

लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रबर भिजवलं, मऊ ब्रशनं घासलं. चाकू लावू नका, ओरखडा पडला की झडप नीट बसत नाही.

बॉल व्हॉल्व्ह अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर क्षारानं जाम होतो. अर्धवट उघडाही ठेवू नका, आतलं सील झिजतं. टाकी आणि पंपाच्या मधे जाळीचा फिल्टर घातलाय, शंभरेक रुपयांची वस्तू, गाळ तिथंच अडकतो.