औषध हळूहळू कसं सुटतं? वर्गात अल्जिनेटचे मणी बनवून दाखवा

ओल्या जखमेवर लावायच्या काही पट्ट्या अल्जिनेटच्या असतात. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ कॅल्शियमशी बांधला गेला की पाणी धरून ठेवणारी जाळी होते, म्हणजेच हायड्रोजेल. आठवी ते दहावीच्या मुलांना हे एका तासात दाखवता येतं. द्रावण मात्र आदल्या दिवशीच करायला हवं.

१. १०० मिली डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात १ ग्रॅम खाद्य दर्जाचं सोडियम अल्जिनेट चिमूट-चिमूट भुरभुरवत ढवळा. एकदम ओतलं तर आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या होतात. बोअरचं पाणी नको. त्यातल्या कॅल्शियममुळे द्रावण आधीच चिकट, दाणेदार होतं आणि प्रयोग इथेच फसू शकतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बुडबुडे राहिले तर मणी तरंगतात.

२. द्रावणाचे दोन भाग करा. एकात खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब, दुसऱ्यात पाव चमचा बारीक हळद. रंग आणि हळद म्हणजे आपल्या प्रयोगातलं ‘औषध’.

३. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट विरघळवा. द्राक्षबागेचं कॅल्शियम नायट्रेट घरात असतं म्हणून मुलं तेच आणतील. ते खत आहे, वर्गात नको.

४. बिनसुईच्या सिरिंजने अल्जिनेटचे थेंब चार-पाच सेंटीमीटरवरून कॅल्शियम लॅक्टेटच्या द्रावणात सोडा. टोक द्रावणात बुडलं की लगेच चोंदतं. तीन मिनिटांनी गाळणीत घेऊन मणी धुवा. एक मणी चिरून दाखवा: कवच घट्ट, आत अजून पातळ.

५. आता तीन ग्लास, प्रत्येकी १०० मिली: साधं आरओचं पाणी, ०.९ ग्रॅम मीठ घातलेलं आणि २ ग्रॅम सोडियम सायट्रेट घातलेलं. प्रत्येकात दोन्ही प्रकारचे दहा-दहा मणी.

खाण्याचा रंग तिन्हींत लवकर सुटतो, कारण त्याचे रेणू जाळीतून सहज निसटतात. हळदीचे कण अडकून राहतात. मिठाच्या पाण्यातले मणी हळूहळू फुगून मऊ पडतात, कारण सोडियम कॅल्शियमची जागा घेतो. जखमेच्या स्रावात अल्जिनेटच्या पट्टीचंही असंच होतं. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी विरघळतात आणि हळद पाण्यात पसरते. औषध जाळीतून आपोआप निसटतंय की जाळी मोडल्यावरच सुटणार आहे, हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

मणी तोंडात घालू देऊ नका. उरलेलं अल्जिनेट बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात गोठतं, कचऱ्यात टाका. आणि खेळण्याच्या दुकानातले पाण्यात फुगणारे मणी आणू नका: लहान भावंडांनी गिळले तर आतड्यात फुगून अडकतात.