कुठंतरी पाणी मुरून राहिलंय: भिंतीतली लपलेली ओल कशी पकडायची

दिवाळीच्या साफसफाईत बेडरूममधलं लोखंडी कपाट सरकवलं अन् मागं भिंतीवर ताटाएवढा डाग, पेंट फुगलेला, बोटानं दाबला तर आतून पांढरी पावडर सांडली. कपाटात त्याच बाजूला आईचा शालू ठेवलेला, त्याच्यावर बुरशीचे काळे ठिपके. पेंटर म्हणे काही नाही भाऊ, खरडून वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो. मारली. मार्चमध्ये परत तिथंच फुगा. पैसे गेले अन् ओल जागच्या जागी, म्हणून मग मीच शोधायला लागलो, तर त्यात जे कळलं ते सांगून राहिलो.

पहिली गोष्ट, आपल्या नागपुरात ओल शोधायचा खरा सीझन पावसाळा नाही, मे महिना. पावसाळ्यात सगळंच ओलं असते, गुन्हेगार कोण ते कळतच नाही. पण २५ मेला नवतपा लागला, पारा ४५ च्या वर, हवेत ओलावा नावाला नाही, अशात घरातली एखादी भिंत ओली राहिली म्हणजे तिला रोज कोणीतरी पाणी पाजून राहिलंय हे पक्कं. दुपारी ३ च्या सुमारास हाताची मागची बाजू भिंतीवर फिरवत जा. माझी बाकी भिंत तव्यासारखी अन् कपाटामागचा तेवढाच तुकडा माठासारखा गार! कारणही माठाचंच आहे, आतलं पाणी झिरपून वर येते, वाळताना भिंतीची गरमी ओढून घेते. फक्त त्या खोलीतला कूलर आदल्या रात्रीपासून बंद ठेवा (घरचे शिव्या देतील, ऐकून घ्या), नाहीतर हवाच ओली असते अन् फरक नीट कळत नाही.

गिझरच्या लाइनचं उलट असते, गरम पाणी आत झिरपत असलं तर गिझर लावल्यावर तेवढाच तुकडा कोमट लागतो.

दुसरं, रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, समोरून नाही. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर फुगे, लाटा, पुट्टीचे पोपडे सगळ्यांच्या सावल्या पडतात. मला त्या रात्री डागाच्या वर, पार लिंटेलपर्यंत (दारा-खिडकीवरचा आडवा बीम) बारीक फुगे दिसले, दिवसा त्यातला एक नव्हता. मग तिथं बोटाच्या पेरानं ठोकायचं. चांगलं प्लास्टर टणटण वाजते, सुटलेलं बदबद. बाकी खुणा तुम्हाला माहीतच असतील: कोंदट वास, दाराची चौकट फुगून दार अडकणं, स्कर्टिंगची टाइल सुटणं, कपाटात कसर होणं, चौकटीला अचानक वाळवी लागणं.

आता डाग कुठं आहे ते पाहा, अर्धं उत्तर तिथंच मिळते.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल, वर आडवी लाइन अन् लोणा (पांढरे क्षार) लागलेला, तर पाणी पायातून चढून राहिलंय. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत हे फार, तेव्हा जोत्यावर ओल अडवणारा थर सगळीकडं नसायचा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन ज्यांच्या तळमजल्यात पाणी घुसलं त्यांनीही खालच्या भिंती तपासाव्या, पाण्यासोबत आलेले क्षार विटेत राहिले असले तर पेंट पुन्हा पुन्हा सुटतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर अन् तिच्या आजूबाजूनं ओल, तर पावसाचं पाणी. आपल्याकडं बऱ्याच लेआउटमध्ये खाली काळी माती, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, पायाच हलतो तर भिंत काय सरळ राहणार! छतावर डाग असला तर गच्ची नाहीतर वरच्यांचं बाथरूम. गच्चीवर जाऊन कठड्याला लागून मारलेला वाटा (सिमेंटचा गोलसर उतार) फुटला का, पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला का, कुठं पिंपळ उगवला का पाहा. छताच्या डागाला तांबूस रंग आला तर पेंटरला नाही, आधी इंजिनिअरला बोलवा. आत सळई गंजून राहिली असू शकते, गंज फुगतो अन् स्लॅबचे तुकडे पाडतो.

अन् खिडकीखाली डाग असला तर आधी कूलर. नागपुरी माणूस कूलरवर कधीच शक घेत नाही, घरचाच मेंबर ना तो! पण एप्रिल ते जून रोज कितीदा आपण त्यात पाइप सोडून विसरतो, पाणी ओव्हरफ्लो होते, टाकीच्या बुडाला गंजून सुईएवढं भोक पडते, पॅडमधून तुषार खिडकीच्या पट्टीवर उडतात अन् त्या पट्टीचा उतार बाहेरच्या ऐवजी आत असला की संपलं, सगळं भिंतीत. कूलर चालू असताना पट्टीवर कोरडा पेपर ठेवा, तासाभरानं पाहा. एसी असला तर ड्रेनचा पाइप भिंतीतून कुठं जाते तेही बघा.

भिंतीच्या मधोमध गोल डाग, पलीकडं बाथरूम किंवा किचन, अन् बाराही महिने तसाच, तर कन्सील्ड पाइप, म्हणजे भिंतीत गाडलेला. माझं हेच होतं.

पण लगेच फोडाफोडी नका करू. डागाच्या कडेनं पेन्सिलनं लाइन मारा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. आठ दिवसांनी पुन्हा. डाग लाइनच्या बाहेर गेला तर पाणी चालू आहे, आत आला तर वाळून राहिला. मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा टेस्ट: रात्री सगळे नळ बंद, टाकीत येणारं पाणी बंद, आत पाण्याच्या लेव्हलला खूण, सकाळी पाहायचं. लेव्हल उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्हही बंद करून तेच करा. आता उतरली नाही तर लीकेज लाइनमध्ये, तरीही उतरली तर टाकीच गळते. फ्लश टाकीत खायचा रंग टाकून ठेवा, न दाबता भांड्यात रंग आला तर तिचा वॉशर गेला, तिला हिशोबातून वगळा. बाथरूमच्या फरशीवर शक असला तर नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीला) कापडाचा बोळा घट्ट लावून इंचभर पाणी २४ तास तुंबवा अन् खालच्यांच्या छतावर नजर ठेवा, खालच्यांना आधी सांगून, नाहीतर भांडण.

प्लास्टिकचा टेस्टही सोपा आहे. हातभर जाड पन्नी भिंतीला चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, एक दिवस राहू द्या. पन्नीच्या आतून थेंब आले तर पाणी भिंतीतून, बाहेरून आले तर खोलीतल्या हवेतून. ऑनलाइन मिळणारा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर मीही घेतला, पण त्याच्या आकड्यावर जाऊ नका. बहुतेक मीटर लाकडासाठी बनवलेले असतात, अन् लोणा लागलेल्या भिंतीवर क्षारांमुळं आकडा उगाच वाढतो. कोरड्या जागेचा अन् डागाचा फरक पाहायचा, बस.

एक गोष्ट मात्र टाळायची नाही. डागाजवळ स्विचबोर्ड असला, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होऊन राहिला, तर टेस्ट-बिस्ट सोडा, मेन बंद करा अन् इलेक्ट्रिशियनला बोलवा.

माझी टाकी रात्रभरात चार बोटं उतरली, व्हॉल्व्ह बंद केल्यावर नाही उतरली. प्लंबरनं बाथरूमच्या बाजूनं फरशा पाहिल्या अन् सरळ टॉवेल रॉडवर बोट ठेवलं. स्क्रू काढला तर तो अर्धा गंजलेला, अन् भोकातून पाण्याची बारीक धार! रॉड लावणाऱ्यानं ड्रिल मारताना आतल्या पाइपाला खरचटलं होतं, स्क्रूनंच इतके दिवस भोक बुजवून धरलं होतं अन् पाणी थेंब थेंब पलीकडं बेडरूममध्ये जात होतं. एक फरशी फुटली, हातभर पाइप बदलला, झालं. तो रॉडही मीच एका रविवारी बोलावून लावून घेतला होता, हे घरी अजून सांगितलं नाही.

पेंटर लगेच पुट्टी घेऊन हजर, पण मी प्लास्टर खरडून भिंत उघडीच ठेवली. मधात पाऊस लागला, त्यामुळं वाळायला वेळ लागला. दर महिन्याला पन्नी लावायचो, ऑक्टोबरमध्ये लागोपाठ दुसऱ्यांदा कोरडी निघाली तेव्हा पेंट केला. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढं आहे. शालूवरचे ठिपके ड्रायक्लीननंही गेले नाहीत.