चर्चमधल्या मांजरी सांभाळायच्या तर

भुसावळातल्या रेल्वेच्या जमान्यातल्या एका चर्चची झाडलोट मी करते. तिथे चार मांजरी आहेत. भुरी सगळ्यांत जाड, बसते थेट बाजाच्या पेटीवर.

दूध देऊ नका. मोठ्या मांजरींना ते बहुधा पचत नाही, मग बाकाखाली पोछा मलाच मारावा लागतो. कोंबडी नुसती उकडून द्या. आपला काळा मसाला नको, कांदा-लसूण तर विषच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा सावलीत मातीच्या परळात पाणी ठेवा, दोनदा बदला.

ईस्टरला वेदीवर लिली ठेवू नका. पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीचं मूत्रपिंड निकामी करतं. अंगावर सांडलेले पराग तिने चाटले तरी. शंका आली की थांबायचं नाही, लगेच जनावरांचा डॉक्टर गाठायचा. आम्ही गुलाब ठेवतो.

नसबंदी लवकर करा. मांजर चौथ्या महिन्यातही गाभण राहते, पुढे साधारण 9 आठवड्यांत पिल्लं. मांजर धरायला पिंजऱ्यात सुकटाचा तुकडा ठेवा. शस्त्रक्रियेतच कानाचं टोक किंचित छाटून घ्या, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण राहते आणि तीच पुन्हा धरली जात नाही. भुरीला धरायला मला तीन रविवार लागले. अजून पिंजरा दिसला की ती वेदीमागे पळते.