अंगावर पाजताना या चुका टाळा: दूध कमी म्हणण्याआधी पकड बघा

लेकीच्या जन्मानंतरच्या तिसऱ्या रात्री मी तिला छातीशी धरून रडत बसले होते. ती दर तासाला उठत होती, माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच म्हणत होतं, "दूध पुरत नाहीये तिला." दूध होतं. मी तिच्या तोंडात नुसतं स्तनाग्र देत होते, त्यामुळे तिला ते ओढताच येत नव्हतं.

पहिलटकरणीकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. बाळाला पोटाला पोट लावून घ्या, डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवा. नाक स्तनाग्रासमोर आलं की त्याच्या वरच्या ओठाला स्तनाग्र हलकेच लावा आणि थांबा. हे थांबणंच जमत नाही, मलाही जमत नव्हतं. जांभई देताना उघडतं तेवढं मोठं तोंड उघडलं की मगच बाळाला जवळ ओढा. आपण वाकून छाती त्याच्याकडे न्यायची नाही आणि त्याचं डोकं मागून दाबायचंही नाही, आधार मानेखाली आणि खांद्यांना द्यायचा. नीट पकडलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली असते आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असतो.

पाजून झाल्यावर स्तनाग्राकडे बघा. गोल दिसलं तर छान. चपटं, तिरकं दाबल्यासारखं दिसलं तर पकड उथळ होती. सुरुवातीचे काही क्षण ताण जाणवू शकतो, पण शेवटपर्यंत दात आवळून बसावं लागत असेल तर सोडवा आणि पुन्हा लावा. सोडवताना ओढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवली की तोंडात हवा शिरते आणि पकड आपोआप सुटते. त्या रात्री मी सहा वेळा सोडवलं असेल. सातव्यांदा पान्हा फुटला, तिचं भराभर चोखणं संथ झालं आणि घोट गिळल्याचा बारीकसा आवाज आला.

दुसरी चूक म्हणजे दुधाचा अंदाज छातीवरून किंवा पंपात किती निघालं त्यावरून बांधणं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. तो थोडाच असतो आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरही पुरतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरतं. संध्याकाळी बाळ सारखं प्यायला मागतं, तेही दूध आटल्याचं लक्षण नाही. त्यापेक्षा लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान 6 ओले लंगोट हवेत आणि काळी शी पिवळी झालेली हवी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. ही घट 10 टक्क्यांपर्यंत पोचली तर डॉक्टरांना दाखवा.

घड्याळ लावून पाजू नका. नवजात बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. तोंड इकडेतिकडे वळवणं, मूठ चोखणं ही भुकेची खूण आहे. रडायला लागलं म्हणजे उशीर झाला, आणि चिडलेलं बाळ नीट पकडत नाही. उलट फार झोपाळू बाळाला सुरुवातीच्या दिवसांत उठवून पाजावं लागतं.

दूध जितकं निघतं तितकं तयार होतं. म्हणून विनाकारण दिलेली वरच्या दुधाची बाटली तुमचं दूध कमी करू शकते. डॉक्टरांनी गरज बघून ती सांगितली असेल तर मात्र जरूर द्या, त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. पाणी पहिले 6 महिने नको.

छाती दाटून दगडासारखी झाली तर जोरात चोळू नका. हाताने थोडं दूध काढून काळसर भाग मऊ करा, मग बाळाला लावा, नंतर थंड पट्टी ठेवा. एखादा भाग लाल होऊन दुखायला लागला आणि ताप आला तर डॉक्टरांकडे जा. अशा वेळीही पाजणं सहसा थांबवायचं नसतं.

बाळ सुस्त असेल, उठवूनही पीत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील किंवा अंगावरचा पिवळेपणा वाढत असेल, तर सकाळची वाट न बघता लगेच दाखवा.